नवा स्वस्तातला डॅक असा ऐकून बघा

डॅक म्हणजे लॅपटॉपमधल्या डिजिटल गाण्याचा हेडफोनला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल बनवणारी छोटी डबी. आधी तिची मागची बाजू बघा, बऱ्याच स्वस्त डॅकना नुसता लाइन आउट (अँपला जोडायचं, कमी ताकदीचं आउटपुट) असतो, त्यावर हेडफोन चालवायला वेगळा अँप (सिग्नलची ताकद वाढवणारं यंत्र) लागतोच. हेडफोन जॅक असेल तर यूएसबीने लॅपटॉपला जोडा, साउंड सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून डॅकच निवडा (हे विसरून लॅपटॉपच्या जुन्याच जॅकचा आवाज ऐकत "काय क्लिअर आहे राव" म्हणणारे कमी नाहीत!) आणि सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो आकडा) फाइलचाच ठेवा, सीडीवरून घेतलेलं गाणं असेल तर ४४.१ किलोहर्ट्झ.

आता खरी गंमत. जुना जॅक आणि डॅक दोन्हीचा आवाज अगदी सारखाच मोठा हवा, कारण एखादा डेसिबल जरी जास्त झाला तरी कानाला तेच भारी वाटतं आणि आपण फसतो. मल्टिमीटर असेल तर हेडफोन लावलेलाच ठेवून ५० हर्ट्झचा टोन वाजवा, दोन्हीकडचं एसी व्होल्टेज जुळवा, मग दुसऱ्या कोणालातरी वायर बदलायला सांगा, तुम्हाला न कळता. फरक ओळखता नाही आला तर लाजू नका, जुना जॅक बरा असेल तर बऱ्याचदा नाहीच येत.

गाणं बंद करूनही ऐका. घूंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा, थांबला तर बहुतेक ग्राउंड लूप (अर्थिंगच्या वायरींतून फिरणारा नकोसा करंट) आहे, डॅकला शिव्या घालू नका.