घर आणि संघ: महाविद्यालयीन खेळाडूने दोन्हीकडचा शब्द कसा पाळावा

पुण्यातल्या महाविद्यालयीन खेळाडूचा हंगाम आणि घरातला सणासुदीचा काळ जवळजवळ एकाच वेळी सुरू होतो. पावसाचा जोर ओसरू लागला की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची पत्रके सूचनाफलकावर लागतात, आणि त्याच सुमारास गणपती, गौरी, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी अशी रांग घरात सुरू होते. मी स्वतः कबड्डी खेळलो आणि नंतर अनेक वर्षे महाविद्यालयीन संघांबरोबर व्यवस्थापक म्हणून फिरलो. त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की, घरची जबाबदारी आणि संघाची जबाबदारी यांच्यात खरा विरोध वर्षातल्या फार थोड्या दिवशी असतो. बाकीच्या दिवशी जी भांडणे होतात, ती घराला संघाच्या तारखा ठाऊक नसतात, संघाला घरच्या ठाऊक नसतात आणि मधला खेळाडू दोन्हीकडे अर्धेअर्धे सांगत राहतो, म्हणून होतात. पुढे जे सांगितले आहे, ते सारे हे अर्धे सांगणे थांबवण्यासाठी आहे.

आधी तारखा भिंतीवर आणा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्पर्धा टप्प्याटप्प्याने होतात. आधी आपल्या विभागातली, म्हणजे पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर किंवा नाशिक यांपैकी एका विभागातली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते; त्यातून विभागाचा संघ निवडला जातो आणि तो आंतरविभागीय स्पर्धा खेळतो; त्यातून विद्यापीठाचा संघ ठरतो, त्याचे सराव शिबिर लागते, आणि मग पश्चिम विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा येतात. घरच्यांना ही शिडी कुणी समजावून सांगितलेली नसते. त्यामुळे 'परवाच तर स्पर्धा झाली, आता पुन्हा कसली?' हा आईचा प्रश्न अगदी रास्त असतो. हंगामाच्या सुरुवातीला कागदावर हे टप्पे काढून दाखवा, आणि प्रत्येक टप्पा मागचा पार केल्यावरच येणार आहे, म्हणजे काही तारखा निश्चित आहेत आणि काही 'निवड झाली तर' अशा आहेत, हेही सांगा.

त्यानंतर हा कागद वहीत ठेवू नका. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जी दिनदर्शिका असते, जिच्या चौकोनांत आई दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख आणि भिशीचा हप्ता लिहिते, तिच्यावरच आपल्या तारखा लिहा. सामन्याचा दिवस एका रंगाने आणि शिबिराचे दिवस दुसऱ्या रंगाने लिहावेत. मोबाईलमधल्या नोंदी घरात दुसरे कुणी पाहत नाही. भिंतीवरची तारीख मात्र मामाचा फोन आला की आई फोन कानाशी धरूनच वाचून दाखवते, आणि साखरपुड्याचा दिवस ठरण्याआधीच तुमचा सामना त्या बोलण्यात येतो.

ही दिनदर्शिका वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास असल्यामुळे आपल्याकडे लग्ने सहसा नसतात, म्हणून हंगामाच्या पहिल्या भागात अडचण येते ती सणांची आणि श्राद्धपक्षाची. तुळशीचे लग्न लागले की मात्र मुहूर्त निघू लागतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत विद्यापीठ संघाची शिबिरे व आंतरविद्यापीठ स्पर्धा असतात. जो खेळाडू विद्यापीठ संघात जाण्याची उमेद बाळगतो, त्याने नात्यातल्या ठरलेल्या लग्नांची चौकशी गणपतीतच, सगळे एकत्र जमलेले असताना करून ठेवावी. हळदीपासून वरातीपर्यंत सगळे दिवस मिळणार नाहीत. पण मुहूर्ताची वेळ गाठता येईल की नाही, हे दोन महिने आधी कळले तर कुणाचे मन दुखत नाही.

कोणत्या प्रसंगी तुम्हीच हवे आहात, हे ओळखा

सगळे प्रसंग सारख्या वजनाचे नसतात. काही कामे फक्त तुम्हीच करू शकता: वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयात सही करायला दुसरे कुणी नसणे, किंवा त्यांच्या आजारपणामुळे यंदा गणपतीची प्रतिष्ठापना तुमच्या हातून होणे. अशा वेळी सराव सोडावा आणि मनात अपराधी भाव ठेवू नये. काही प्रसंगी तुमचे काम नसते, फक्त दर्शन हवे असते. आत्याकडच्या पूजेला तासभर जाऊन, पाया पडून, प्रसाद घेऊन निघाले तरी आत्याचे समाधान होते. आणि काही कामे अशी असतात की ती तुमच्या अंगवळणी पडली म्हणून तुमच्याकडे आली; धाकट्या बहिणीला क्लासवरून आणणे, दिवाळीच्या आठवड्यात दुकानात संध्याकाळी बसणे ही कामे वाटून घेता येतात. मात्र ती सोडताना पर्याय तुम्हीच शोधून द्यायचा असतो. 'मला जमणार नाही' एवढेच सांगून निघालेला मुलगा ते काम आईच्या डोक्यावर टाकून जातो. 'मंगळवार आणि गुरुवार दादा आणेल, बाकीचे दिवस मी आणीन' असे ठरवून जाणाऱ्याबद्दल घरात तक्रार राहत नाही.

जुन्नर, इंदापूर, शिरूरकडून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या खेळाडूंची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्यांच्या घरची हाक सणापेक्षा शेतीची असते. सोयाबीनची काढणी किंवा कांद्याची लागवड चार दिवसही पुढे ढकलता येत नाही. अशा खेळाडूने प्रशिक्षकांना हे हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच सांगावे. शेतीची निकड ज्याला कळत नाही असा प्रशिक्षक आपल्याकडे क्वचितच भेटतो.

ढोल-ताशा पथकाबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. काका पथकात आहेत, थोरला भाऊ आहे, म्हणून घरचेच काम असल्यासारखे मुले नदीकाठी सरावाला जातात आणि तासन्‌तास कमरेला ढोल बांधून उभी राहतात. ज्या वर्षी तुम्ही संघात आहात, त्या वर्षी ढोल बांधू नका. कंबर आणि खांदे दोन्हीकडे सारखेच वापरले जातात, आणि झोप तर दोन्हीकडून जाते.

विसर्जनाचा दिवसही आधीच आखून ठेवावा. अनंत चतुर्दशीला मध्यवर्ती पेठांतले रस्ते वाहनांसाठी बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. म्हणून सदाशिव पेठेत राहणाऱ्या खेळाडूला दुसऱ्या दिवशी सकाळी बालेवाडीत पोहोचायचे असेल, तर घरच्या गणपतीचे विसर्जन करून त्याने मुक्कामाला कोथरूडच्या मावशीकडे जावे आणि किट बरोबर न्यावे.

प्रशिक्षकांना खरे आणि वेळेवर सांगा

एका खेळाडूच्या गैरहजेरीने काय बिघडते, हे नवख्या मुलांना कळत नाही. कबड्डीत सात जण मैदानात असतात. चढाई करणारा बोनस गुणासाठी पाय टाकतो, त्या क्षणी कोपरा, म्हणजे बचावाच्या रांगेत टोकाला उभा असलेला खेळाडू, त्याच्या घोट्याला हात घालतो आणि शेजारच्या कव्हरने, म्हणजे त्याच्या आतल्या बाजूच्या बचावपटूने, तेवढ्यातच आत येऊन चढाई करणाऱ्याला मागे परतू द्यायचे नसते. हे दोघांचे अंतर आणि श्वास जुळायला कितीतरी सकाळी लागतात. कोपरा आला नाही तर त्या दिवशी कव्हरचाही सराव वाया जातो, आणि प्रशिक्षकांना आदल्या रात्री कळले असते तर त्यांनी त्या दिवशी चढाईचा सराव घेतला असता. म्हणून निरोप केवळ शिस्त म्हणून नव्हे, तर बाकीच्यांची सकाळ फुकट जाऊ नये म्हणून द्यायचा.

निरोपात कारण, वेळ आणि पर्याय या तिन्ही गोष्टी असाव्यात. उदाहरणार्थ: 'सर, नमस्कार. बाबांची शस्त्रक्रिया झाल्यामुळे यंदा गणपतीची प्रतिष्ठापना माझ्याकडे आहे. त्या दिवशी सकाळच्या सरावाला येता येणार नाही. संध्याकाळी ५ वाजता मी मैदानावर असेन. कोपऱ्याच्या जागेबद्दल राखीव खेळाडूशी मी बोललो आहे. आपली परवानगी असावी.' असा निरोप आठ दिवस आधी गेला, तर बहुतेक वेळा 'बाबांना नमस्कार सांग' एवढेच उत्तर येते.

खोटे कारण कधीही देऊ नये. मी दुसऱ्या वर्षाला असताना सासवडला माझ्या चुलत बहिणीचे लग्न होते. सर रजा देणार नाहीत असे मीच मनाशी धरले आणि मित्राबरोबर निरोप पाठवला की मला ताप आहे. त्या संध्याकाळी सर मोसंबी घेऊन आमच्या वाड्यात आले. दाराला कुलूप होते, आणि शेजारच्या काकूंनी सहज सांगितले की सगळी मंडळी लग्नाला गेली आहेत. सरांनी मोसंब्यांची पिशवी काकूंकडे ठेवली आणि ते निघून गेले. सोमवारी ते मला काहीच बोलले नाहीत. पण पुढे माझा गुडघा खरोखर सुजला तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारले, 'नक्की ना?' तो प्रश्न मला आजही आठवतो.

घरच्यांना मैदानावर आणा

प्रशिक्षक आणि पालक यांची भेट सहसा तक्रारीच्याच वेळी होते. ती त्याआधी व्हावी. हंगाम सुरू होताना सरांना किंवा मॅडमना घरी चहाला बोलवा, किंवा आई-बाबांना एका संध्याकाळी सरावाला घेऊन या. मुलींच्या बाबतीत तर याची फार गरज असते. मुलगी पहाटे साडेपाचला कुणाबरोबर जाते, बाहेरगावी महिला व्यवस्थापक बरोबर असतात की नाही, मुक्काम कुठे असतो, परतायला रात्र झाली तर घरापर्यंत कोण सोडते, हे प्रश्न आईच्या पोटातून येतात आणि त्यांची उत्तरे तिला मॅडमच्याच तोंडून मिळाली पाहिजेत. एकदा दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले की मुलीला प्रत्येक वेळी घरात वकिली करावी लागत नाही. आणि मुलगा सरावाहून आला की त्याच्यापुढे ताट येते, मुलगी आली की तिच्यापुढे कणकेची परात येते, असे ज्या घरात होत असेल, तिथे भावाने उठून पोळ्या लाटायला बसावे. बहिणीच्या खेळाला त्याच्याकडून यापेक्षा मोठी मदत नाही.

घरातले एक काम मात्र हंगामभर स्वतःकडे ठेवा. आजीची औषधे आठवड्याच्या डबीत भरणे, रात्री दही विरजणे, सकाळी जाताना कचरा खाली नेणे, असे पंधरा मिनिटांचे काम पुरते; पण ते एक दिवसही चुकता कामा नये. सामन्यासाठी आठवडाभर बाहेर जाताना तेच काम दुसऱ्याला शिकवून जावे.

'खेळून पुढे काय?' हा वडिलांचा प्रश्न टाळू नका आणि त्यावर फुगवून उत्तरही देऊ नका. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, परंतु ते ठरावीक स्तराच्या स्पर्धेतील ठरावीक कामगिरीवरच मिळते आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. नुसते संघात असणे पुरेसे नसते. ही माहिती खरी सांगितली, तर वडील निदान प्रमाणपत्रांची फाईल जपून ठेवतात.

हजेरीचेही असेच आहे. ७५ टक्के उपस्थितीची अट घरच्यांना ठाऊक असते आणि त्यांची काळजी योग्यच असते. स्पर्धेचे पत्र शारीरिक शिक्षण संचालकांकडून घेऊन, स्पर्धेला निघण्यापूर्वी विभागप्रमुखांकडे पोच घेऊन द्यावे. परीक्षा आड येत असेल तर अर्ज त्याच वेळी लेखी करावा.

दुखापत, आजारपण आणि सुतक

दुखापत घरी लपवू नका. 'कळले तर खेळू देणार नाहीत' या भीतीने मुले सुजलेला घोटा मोज्यात झाकतात, आणि पंधरा दिवसांचे दुखणे हंगामभर पुरते.

सर्वांत अवघड प्रसंग बाहेरगावी असताना येतो. पश्चिम विभागीय स्पर्धा महाराष्ट्राबाहेर, गुजरात, राजस्थान किंवा मध्य प्रदेशातही असू शकते, आणि तिथून पुण्याला यायला रात्रभराचा प्रवास लागतो. अशा वेळी घरात कुणाचे काही बरेवाईट झाले तर पहिला फोन खेळाडूला करायचा की व्यवस्थापकांना, हे निघण्यापूर्वी ठरवून ठेवावे. माझा आग्रह व्यवस्थापकांना करावा असा आहे, म्हणजे बातमी सांगताना कुणीतरी मोठे माणूस शेजारी असते आणि परतीच्या तिकिटाची सोय तोवर झालेली असते. घरात आजी किंवा आजोबा थकलेले असतील तर खेळाडूने आपले मनही आधीच सांगावे: सामना चालू असताना कळले तरी चालेल, की संपल्यावर कळवावे, अंत्यदर्शनासाठी लगेच निघायचे आहे, की दहाव्याला पोहोचले तरी चालेल. हे बोलायला जड जाते. माझ्या संघातल्या एका मुलीने हे निघण्याच्या आदल्या दिवशी थेट आजीलाच विचारले होते. आजीने सांगितले, 'खेळून ये, मग माझ्याजवळ बस.' मुलीने ते तसेच मला सांगितले, आणि मी ते संघाच्या वहीत तिच्या नावापुढे, घरच्या फोन नंबरखाली लिहून ठेवले.