घरची एसयूव्ही कच्च्या वाटेवर कशी न्यावी

कोल्हापूरहून गारगोटी साधारण ५० किलोमीटर, तिथून कडगाव, पाटगाव आणि भटवाडी. इथपर्यंत कुठलीही गाडी निवांत येते. भटवाडीच्या पुढं चिक्केवाडीकडं, म्हणजे रांगणा किल्ल्याच्या बाजूला जंगलातली वाट लागली, की सनरूफ आणि थंडगार सीटा काही कामाच्या राहत नाहीत. त्याच वाटेवर माझी गाडी मधल्या उंचवट्यावर टेकली होती. जीपांनी दोन्ही चाकोऱ्या खोल केलेल्या, मध्ये जांभ्याचा दगड. चाकं नुसती फिरत होती, गाडी जागची हलेना. ट्रॅक्टर घेऊन आलेल्या मामांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "पावणं, आधी उतरून बघितलासा न्हाई व्हय?"

नव्हतं बघितलं.

तर पहिलं काम घरीच करायचं. सगळी माणसं आणि सामान गाडीत बसवा, मग वाकून पोटाखालचा सगळ्यात खाली आलेला भाग शोधा. बहुतेक फॅमिली एसयूव्हीचा ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण गाडी भरली की ती खाली बसते. रिकाम्या गाडीखाली माझी वीत कशीबशी उभी राहते, भरल्यावर राहत नाही. टीच, म्हणजे ताणलेला अंगठा ते तर्जनी एवढं अंतर, मात्र राहते. म्हणून वाटेवरचा दगड मी हातानंच मोजतो: टीचभर असेल तर दोन चाकांच्या मधून जाऊ देतो, त्याहून मोठा असेल तर त्याच्यावर चाक चढवतो. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. तो मोठा दगड चुकवायला म्हणून मध्ये घेतो आणि ऑइलचं चेंबर फोडून बसतो. वारंवार जाणार असाल तर इंजिनाखाली जाड पत्र्याची प्लेट बसवून घ्या, आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात असली कामं करणाऱ्यांना तोटा नाही. फक्त ऑइल बदलायला भोक ठेवायला सांगा.

दुसरं, हवा. डांबरावर ३३ पीएसआय ठेवत असाल तर कच्ची वाट सुरू होताच २६ वर आणा. टायर थोडा पसरतो, पकड वाढते आणि धक्के कमी होतात. आपल्या गाड्यांचे टायर कडेला कमी उंचीचे, त्यामुळं याहून फार खाली जाऊ नका, रिमच दगडावर आपटेल. परतताना डांबर लागलं की लगेच हवा भरायची, त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर जवळ हवाच. टायरची बाजू जांभ्याच्या धारेनं फाटली तर पंक्चर किट उपयोगी पडत नाही, म्हणून स्टेपनीचीही हवा बघा. काही गाड्यांना बारकी स्टेपनी असते, ती घेऊन रानात शिरू नये.

तिसरं, टोचनचा हूक. तो डिकीत जॅकशेजारी पडलेला असतो आणि बंपरमधलं झाकण काढून पिळून बसवावा लागतो. हे काम कोरड्या जागी, आधीच करा. गाडी चिखलात रुतल्यावर मी बंपरसमोर पालथा पडून ते झाकण नखांनी उचकटत होतो आणि सौ. गाडीत बसून मुलांना भडंग वाढत होती. ओढताना दोर हुकालाच बांधायचा, सस्पेन्शनला नाही. दोराच्या आजूबाजूला कुणी उभं राहायचं नाही, तुटला तर चाबकासारखा येतो.

आता वाटेवर. अवघड तुकडा दिसला की थांबा, उतरा, शेवटपर्यंत चालत जा आणि चालतच परत या. परत येताना नजरेत येतं की उतरण किती उभी आहे. जी उतरण गाडीला पुन्हा चढता येणार नाही, ती उतरायचीच नाही. आपल्या बऱ्याच गाड्यांना ताकद पुढच्या चाकांना असते. चढावर वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी होऊन फिरू लागतात. अशा वेळी मागच्या सीटवरची मंडळी आणि डिकीतलं सामान खाली उतरवा. उतारावर पहिला गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी येऊ द्या, क्लच दाबू नका. ऑटोमॅटिकमध्ये ड्युअल क्लच असेल तर चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, क्लच तापून इशारा येतो आणि गाडी तिथंच विश्रांती घेते. चिखलात चाकं फिरायला लागली की ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर तो इंजिनाचा जोर काढून घेतो. चिखल संपला की पुन्हा चालू.

ओढ्याचं पाणी वाहतं आणि गढूळ असेल तर माघारी फिरा. संथ असेल तर आधी काठी घेऊन चालत जा. चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर नाद सोडायचा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विम्यात हा खर्च सहसा बसत नाही.

पहिल्यांदा जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. तोवर चिखल वाळलेला असतो. मात्र उन्हं वाढली की सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या माळावरच्या, वाळल्या गवतात गाडी उभी करू नका. सायलेन्सरची नळी इतकी तापलेली असते की गवत पेट घेऊ शकतं. तसंही गवतावर गाडी घालायचीच नसते, वाट सोडायची नाही.

घरी आल्यावर गाडीचं पोट आणि रेडिएटरची जाळी धुऊन घ्या, तांबडी माती वाळली की निघत नाही. ब्रेकमधून किरकिर आली तर गॅरेज गाठायच्या आधी गाडी चार-पाच फूट मागं घेऊन बघा. माझ्या गाडीच्या डिस्क आणि पत्र्यामध्ये जांभ्याचा हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. चार दिवस तो मला ऐकू येत होता, रिव्हर्स घेताच खाली पडला.