ओळखीच्यांचं काम आपल्या यंत्राने: पैसे घ्यायचे की नाही, हे कसं ठरवावं

"डिझेल मी टाकतो, तू फक्त ट्रॅक्टर घेऊन ये." असं म्हणणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटत असतं की आपण सगळा खर्च देतोय. यंत्रवाल्यालाही पहिल्या एक-दोन वेळा तसंच वाटतं. मग पाती झिजतात, बेअरिंग वाजू लागतं, ऐन आपल्या कामाच्या दिवशी यंत्र उभं राहतं आणि कुरकुर सुरू होते. ती टाळायची असेल तर दोन गोष्टी आधी हव्यात: आपल्या यंत्राचा एक तास आपल्याला कितीला पडतो हा आकडा, आणि तो आकडा कुणाला कसा लावायचा याचा एक ठरलेला नियम. हा आकडा हाताशी नसताना "फुकट करू की पैसे घेऊ" यावर कितीही विचार केला तरी तो अंदाजच राहतो.

आधी तासाचा खर्च काढा

हिशेब पैशात न मांडता इंधनाच्या लिटरमध्ये मांडून बघा. भाव बदलले तरी आकडा बराच काळ टिकतो, आणि समोरच्यालाही पटकन कळतो. नमुन्यादाखल ४५ एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर आणि त्यामागे रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) घेऊ. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तिथे स्वतःचे घालायचे.

समजा ट्रॅक्टर ८,००० लिटर डिझेलच्या किमतीला घेतला, १० वर्षांनी २,००० लिटरच्या किमतीला विकला जाईल, आणि वर्षाला ४०० तास चालतो. म्हणजे ६,००० लिटरची घट ४,००० तासांवर वाटली जाते: तासाला दीड लिटर. टायर, बॅटरी, क्लच आणि किरकोळ दुरुस्त्या मिळून त्या काळात १,६०० लिटरचा खर्च धरला तर तासाला ०.४. रोटाव्हेटर ओढताना मध्यम जमिनीत ५ लिटर डिझेल धरू. ऑइल, फिल्टर, ग्रीस यांसाठी इंधनखर्चाच्या १५ टक्के धरण्याचा शेतीयंत्रांच्या हिशेबातला जुना ठोकताळा आहे, म्हणजे ०.७५. इथवर बेरीज ७.६५.

आता रोटाव्हेटर. किंमत १,२०० लिटर, शेवटी २०० लिटरला जाईल, आयुष्यात ८०० तास चालेल: तासाला १.२५. पात्यांचा एक संच ६० लिटरचा आणि १०० तास टिकणारा धरला तर ०.६. गिअर ऑइल, सील, बेअरिंग यांचे ०.४. हे झाले सव्वादोन.

एकूण ९.९ लिटर. त्यातलं टाकीत जाणारं डिझेल फक्त ५. म्हणजे "डिझेल मी टाकतो" म्हणणारा साधारण अर्धा खर्च देतो, आणि उरलेला अर्धा यंत्रवाला देतो. यात चालवणाऱ्याच्या वेळेचा छदामही धरलेला नाही.

मुद्दलावरचं व्याज, विमा आणि शेडचं भाडं मी यात मुद्दाम घेतलेलं नाही. यंत्र उभं असलं तरी हे खर्च होतातच, शेजाऱ्याच्या तीन तासांनी ते वाढत नाहीत. ओळखीत "फक्त खर्चापुरते" घ्यायचे तेव्हा ते सोडून द्यावेत. व्यवसाय म्हणून दर लावायचा तेव्हा मात्र धरावेच लागतात, नाहीतर कर्जाचा हप्ता खिशातून जातो.

इंधनाचा आकडा अंदाजाने घेऊ नका. सपाट जागेवर उभं करून टाकी काठोकाठ भरा, काम करा, परत त्याच जागी उभं करून काठोकाठ भरा. दुसऱ्यांदा जेवढं बसलं तेवढं लागलं. तीन वेगवेगळ्या कामांना असं मोजलं की विश्वासाचा आकडा मिळतो. ओली चिकण जमीन आणि मशागतीची खोली वाढवलेली असेल तर हाच आकडा सहज दीडपट होतो. तासांची नोंद घड्याळावरून करा. जुन्या ट्रॅक्टरांवरचं यांत्रिक अवरमीटर (तास मोजणारं मीटर) इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर खरा तास दाखवतं, कमी फेऱ्यांवर ते मागे पडतं. सर्व्हिसिंगला ते ठीक, हिशेबाला नाही.

लहान यंत्रांत खर्च कुठे लपतो

चेनसॉमध्ये खर्च पेट्रोलचा कमी आणि चेनचा जास्त. साखळी मातीला एकदा टेकली किंवा झाडात जुना खिळा, तार लागली की धार त्या क्षणी जाते आणि पुढचा तास भुसा बारीक पिठासारखा पडत राहतो. साखळीला वंगण देणारं बार ऑइलही मोजायला हवं. पेट्रोलची एक टाकी संपते तेव्हा ऑइलची टाकीही जवळपास संपलेली असते. कुंपणालगतचं किंवा अंगणातलं झाड असेल तर खिळा निघणारच असं धरून चला. "खिळा लागून चेन गेली तर नवी चेन तुमची" हे आधीच सांगावं.

वेल्डिंगमध्ये लोक रॉडचे पैसे देतात, कटिंग व्हील आणि ग्राइंडिंग व्हीलचे विसरतात. गेटच्या कामात व्हीलच जास्त जातात. विजेचा मात्र बाऊ करू नये. ३.१५ मिलीमीटरचा रॉड १२० अँपिअरवर चालवताना आर्क (रॉडच्या टोकाची वितळवणारी ज्योत) पेटलेला असतो तेवढाच वेळ साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज लागते, आणि तासाभराच्या कामात आर्क पंधरा-वीस मिनिटं पेटला तरी खूप. म्हणजे तासाला एक युनिट किंवा थोडं जास्त. खरी अडचण समोरच्याच्या घरच्या सॉकेटची असते. २३० व्होल्टला हा भार १६ अँपिअर किंवा त्याच्याही पुढे जातो, आणि साधा प्लग वितळतो. मीटरजवळून स्वतंत्र जोड मिळणार नसेल तर काम आपल्याकडे आणायला सांगा.

फवारणी पंप, पॉवर टिलर, जनरेटर यांच्या चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांना साधारण पहिल्या २० तासांनी आणि मग दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी ऑइल बदलायचं असतं. स्वतःच्या कामात वर्षाला ५०-६० तास होतात, म्हणून सवय कॅलेंडरवर चालायची लागते. ओळखीच्यांची कामं सुरू झाली की तेच तास दोन महिन्यांत भरतात, पण सवय तीच राहते. जास्त वापराने नव्हे, वेळेवर न बदललेल्या ऑइलने इंजिन बसतं. तास लिहायला इंजिनाला एक छोटी वही बांधून टाका.

कॅमेरा, ड्रोन, प्रिंटर यांच्या बाबतीत झिजेपेक्षा वेळ महाग. तासभर फोटो काढले तर निवड, दुरुस्ती आणि फाइली पाठवणं यांत त्याहून जास्त वेळ जातो. "दोन-चार फोटो काढ" याचा अर्थ किती फोटो आणि कधीपर्यंत, हे आधी विचारा.

तास मोजताना काय धरायचं

यंत्र चालू असण्याची वेळ म्हणजे कामाची वेळ नव्हे. अवजार जोडणं, जाणं, जागेवर अडथळे काढणं, परत येणं, धुणं, ग्रीस करणं हे सगळं मिळून ४० मिनिटांच्या कामाला दोन तास लागतात. म्हणून पैसे घ्यायचे ठरलं तर किमान आकार ठेवा. छोट्या कामाला एक तास, अवजार बदलून न्यायचं असेल तर दोन. मोठं काम असेल तर घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत अर्धा दिवस किंवा पूर्ण दिवस असा हिशेब बरा. मिनिटांवरून ओळखीत घासाघीस शोभत नाही.

फुकट, खर्चापुरते, की पूर्ण दर

फुकट करायचं काम ओळखायला एक प्रश्न पुरतो: हेच काम याच माणसाने पुढच्या महिन्यात पुन्हा सांगितलं तर याच मनाने जाऊ का? उत्तर हो असेल तर खुशाल फुकट करा. अर्ध्या तासाचं, झीज न होणारं, वर्षातून एखाद्या वेळचं काम यात येतं. घरात पाणी शिरलंय, वाटेवर झाड पडलंय, अशा वेळी तर पैशाचा विषयच काढू नये. फुकट करताना तसं स्पष्ट सांगा: "याचे मी काही घेणार नाही." न सांगता गप्प राहिलात तर समोरचा बिचारा किती द्यावेत याच्या विवंचनेत राहतो.

खर्चापुरते म्हणजे वर काढलेला आकडा, आपली मजुरी न धरता. जवळचा माणूस आणि दोन-चार तासांचं काम असेल तर हा मार्ग मला सगळ्यांत न्याय्य वाटतो. मैत्री आपल्या वेळेतून द्यावी, यंत्राच्या आयुष्यातून नव्हे. वेळ आपला एकट्याचा असतो. यंत्रात घरच्यांचे पैसे अडकलेले असतात.

पूर्ण दर कुठे? त्या कामातून त्याला कमाई होणार आहे, आपण नाही गेलो तर तो भाड्याने दुसरं यंत्र बोलावणारच आहे, काम एका दिवसापलीकडे जातंय, किंवा तो ओळखीच्याच्या ओळखीचा आहे. यातलं एकही लागू असेल तर खर्च, मजुरी आणि मोडतोडीसाठी थोडी शिल्लक असा दर लावा. चालू भावाच्या निम्मे घ्यायची पद्धत बरेच जण ठेवतात, पण खर्च न काढता निम्मे घेतले तर कधीकधी ते खर्चाच्याही खाली जातात.

सवलत द्यायची तर मूळ दर सांगून मग कमी करा. "तासाला दहा लिटरचे होतात, तुमच्याकडून सात घेतो" असं म्हटलं की त्याने पुढे कुणाला सांगितलं तरी दहाच सांगितलं जातं. नुसतं सात म्हटलंत तर पुढचे सगळे सातच धरून येतात.

वस्तूच्या रूपात परतफेड चालते, पण ती मोजता येणारी असावी: पात्यांचा संच, ऑइलचा डबा, किंवा त्याच्या यंत्राचे तेवढेच तास. "कधीतरी तुझंही काम करीन" ही परतफेड समजू नका. आणि पेट्रोल त्याच्या कॅनमधून घेऊ नका. महिनोन्महिने पडलेल्या कॅनच्या तळाशी पाणी आणि गाळ असतो, तो थेट कार्बोरेटरमध्ये जातो.

बोलायचं कधी आणि कसं

हो म्हणतानाच, फोनवरच. जागेवर पोचल्यावर दर सांगितला तर समोरच्याला नाही म्हणायची सोय राहत नाही, आणि काम झाल्यावर सांगितला तर फसवल्यासारखं वाटतं. वडीलधाऱ्यांशी बोलताना जीभ अडखळते, पण वाक्य साधंच असतं: "काका, येतो. तीन तासांचं काम दिसतंय. यंत्राचा खर्च तेवढा घेईन, माझ्या वेळेचं काही नको." कुणी "किती द्यायचे?" विचारलं तर "द्या काहीही" कधीही म्हणू नका. त्यात तुम्ही मनात एक आकडा धरता, तो दुसरा, आणि दोघंही नाराज होतात.

त्याच बोलण्यात मोडतोडीचं मिटवा. नेहमीची झीज आपली. जमिनीतला दगड, पाइप, तार, केबल, झाडातला खिळा यांनी झालेलं नुकसान जागेच्या मालकाचं. पुरलेली पाइपलाइन कुठून जाते ते त्याने खुणा करून दाखवावं. न दाखवलेला पाइप फुटला तर दुरुस्ती त्याची, दाखवलेला आपण फोडला तर आपली.

मोबदला घेतला की विम्याचंही बघावं लागतं. खासगी वाहनाच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर वगळलेला असतो, आणि अपघात झाल्यावर ते कलम समोर येतं. पिकअप किंवा ट्रॉलीने सामान वाहून पैसे घेण्याआधी आपली पॉलिसी वाचा, शंका असेल तर विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. पैसे न घेताही दुसऱ्याच्या भिंतीवर झाड पाडलं तर भरपाईची जबाबदारी आपोआप टळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

काही कामांना किती पैसे मिळतात हा प्रश्नच लागू नये. विजेच्या तारांना टेकलेलं झाड, वादळात वाकून ताणलेलं खोड, पूर्वी पेट्रोल किंवा तेल भरलेल्या बंद पिंपावर वेल्डिंग: नाही म्हणा. रिकामं दिसणारं पिंप आतल्या वाफेने फुटतं.

यंत्र न्यायला मागितलं तर

आपण जाऊन काम करणं आणि यंत्र हातात देणं यांत मोठा फरक आहे. शिडी, ढकलगाडी द्यावी. टू-स्ट्रोक इंजिन असलेलं काहीही देऊ नये, असं माझं मत आहे. त्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं: ५०:१ मिश्रणाला लिटरमागे २० मिलीलिटर, आणि नेणाऱ्याने साधं पेट्रोल भरलं तर काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला धरतो. परत आणून देताना तो खरंच सांगतो की "आपोआप बंद पडलं." द्यावंच लागलं तर मिश्रण स्वतः तयार करून, टाकी भरून द्या, आणि चालू अवस्थेतला छोटा व्हिडिओ दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

आजवर फुकट केलं, आता कसं सांगायचं

मधेच, एखाद्या कामाच्या वेळी सांगू नका. हंगाम सुरू होण्याआधी, नवी पाती बसवली किंवा मोठी सर्व्हिसिंग झाली की सांगायला योग्य वेळ मिळते. ज्यांची कामं नेहमी करता त्या सगळ्यांना एकाच आठवड्यात, एकच आकडा सांगा. एकाला सात आणि दुसऱ्याला पाच सांगितलेलं दोन दिवसांत कळतंच. खर्चाचा तपशील विचारला तर वही दाखवा: डिझेल इतकं, पाती इतकी, झीज इतकी. आणि जे काम आधीच फुकट करतो म्हणून कबूल केलंय, ते मात्र जुन्याच बोलीवर पूर्ण करून द्या. नवा दर त्याच्या पुढच्या कामापासून लावा.