जुना आरसा घेताना आधी पाठ बघा

जुना आरसा कसा निवडावा असं विचारलं की लोक चौकटीबद्दल बोलायला लागतात. सागवानी की शिसवी, नक्षी कसली, पॉलिश कुठलं. अहो, चौकट कुठलाही बरा सुतार नीट करून देतो. काच आणि तिच्यामागचा थर एकदा गेला की परत येत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गेली वीस-बावीस वर्षं मी जुने आरसे बघतेय, घेतेय, नातेवाइकांना निवडून देतेय. तेवढ्या अनुभवावर सांगते: आरशाचं तोंड बघून भुलू नका, पाठ बघा.

भिंत आधी ठरवा. आपल्या बेळगाव जिल्ह्यात हे फार महत्त्वाचं आहे, कारण जिल्हा एक असला तरी पाऊस एक नाही. अथणी-चिकोडीकडच्या घरात आरसा कुठेही लावला तरी सहसा चालतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे चार महिने भिंती ओल धरतात. तिथे पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर जुना आरसा लावायचाच नाही, पावसाची सगळी झड त्याच भिंतीवर येते. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही नको. देवघरातल्या समईच्या वरची जागाही नको. माजघरातली मधली भिंत सगळ्यात चांगली.

आरसे मिळतात कुठे? जुनी घरं पाडणारे कंत्राटदार, जुन्या फर्निचरची गोदामं, भंगारवाले, आणि घराच्या वाटण्या होतात तेव्हा कुणालाच नको असलेलं सामान. निपाणीकडे तंबाखूच्या व्यापारातल्या जुन्या घरांमधून मोठे उभे आरसे निघतात. गोव्याकडचे चोर्ला घाटातून वर येतात. हुक्केरी, गोकाककडच्या खेड्यात 'हळे कन्नडी', म्हणजे कानडीत जुना आरसा, म्हणून विचारा. 'ॲंटिक मिरर' म्हटलं की भाव तिथल्या तिथे दुप्पट होतो. बंद पडलेल्या सलूनचे लांब आरसेही सोडू नका, त्यांची काच बहुतेक वेळा जाड आणि उत्तम असते.

आता मुख्य गोष्ट.

आपण मराठीत कुठल्याही आरशाच्या मागच्या थराला पारा म्हणतो. 'आरशाचा पारा उडाला' असं आजीही म्हणायची. पण मागचे थर दोन वेगवेगळ्या प्रकारचे असतात. हा फरक कळेपर्यंत माझी चार वर्षं आणि बरेच पैसे गेले. जुनी पद्धत कथील आणि पाऱ्याची. कथलाचा पातळ पत्रा सपाट पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वर काच सरकवायची, वजन ठेवायचं आणि जादा पारा निथळावा म्हणून सगळं कित्येक दिवस तिरकं ठेवायचं. हे काम करणारे कारागीर पाऱ्याच्या वाफेनं आजारी पडायचे. पुढे १८३५ साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं रासायनिक क्रियेनं काचेवर चांदीचा थर बसवता येतो हे दाखवलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू चांदीचे आरसे आले आणि कथील-पाऱ्याचे मागे पडले. म्हणजे आपल्याकडे हाताला लागणारे बहुतेक जुने आरसे चांदीचे असतात. कथील-पाऱ्याचा मिळाला तर तो खरोखर जुना.

ओळखायचं कसं? पांढराशुभ्र कोरा कागद आरशासमोर धरा आणि हातातला कागद व आरशातला कागद यांचे रंग ताडून बघा. आरशातला कागद किंचित पिवळसर, उबदार दिसला तर चांदी. निळसर-करडा आणि थोडा मंद दिसला तर कथील-पारा. हे दिवसाच्या उजेडात करा, गोदामातल्या ट्यूबलाइटखाली नाही. मग पाठ बघा. चांदीच्या थरावर संरक्षणासाठी रंग दिलेला असतो, लालसर, तपकिरी किंवा करडा. कथील-पाऱ्याच्या पाठीवर सहसा रंग नसतो. उघडा करडा धातू दिसतो, आणि टॉर्च तिरका मारला की बारीक स्फटिकांसारखी चमक दिसते.

पण माझी सगळ्यात मोठी फसगत इथे झाली नाही. झाली ती डागांत. शहरातल्या एका जुन्या फर्निचरवाल्याकडे सागवानी चौकटीतला आरसा बघितला. काचेवर सगळीकडे सुंदर काळसर ठिपके. 'घ्या की ओ, अस्सल बेल्जियम हाय,' तो म्हणाला. मी साडेसहा हजार मोजले. तेव्हा ती माझ्यासाठी फार मोठी रक्कम होती. आरसा वर्षभर हॉलमध्ये मिरवला. पावसाळ्यात चौकटीचा एक सांधा सुटला म्हणून घरी येणाऱ्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी मागची फळी काढली, काच उचलून उजेडाकडे धरली आणि म्हणाले, 'अक्का, लाकूड जुनं हाय, काच कालची.' चौकटीच्या खाचेत दडलेला काचेचा काठ चारही बाजूंनी लखलखीत होता. एक डाग नाही. सगळे डाग मधल्या भागात, जिथे गिऱ्हाइकाची नजर पडते तिथे. नव्या आरशाच्या पाठीवरचा रंग खरवडून, ॲसिड शिंपडून, वरून काळा रंग मारला होता.

त्या दिवसापासून मी डाग वाचायला शिकले. ओल काचेच्या काठातून शिरते, म्हणून चांदीच्या आरशाची खरी झीज काठापासून आत येते. काठाला काळी-तपकिरी किनार, तिथून आत जाणारे ढगासारखे पट्टे, आणि चौकटीच्या आत दडलेला भाग सगळ्यात जास्त खराब. कथील-पाऱ्याच्या आरशात मध्येही टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडतात आणि त्यांच्याभोवती करडं वलय येतं. पण त्यातला पारा वर्षानुवर्षं हळूहळू खाली उतरत असतो, म्हणून खालचा काठ वरच्यापेक्षा जास्त गेलेला असतो. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सगळीकडे सारखे डाग असतील तर ते काळानं पडलेले नाहीत, कुणीतरी पाडलेत. ॲसिडच्या डागाला ओघळ असतो, थेंब सांडल्यासारखी कड असते. एकाच मापाचे ठिपके रांगेत दिसले तर तिथूनच मागे फिरा.

म्हणून पाठ उघडून बघायची हट्टानं मागणी करा. दुकानदार 'काच फुटेल' म्हणाला तर 'मी उघडते, फुटली तर पैसे माझे' म्हणा. मी प्रत्येक वेळी तेच म्हणते. त्यावरही जो उघडू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. उघडल्यावर काय बघायचं? जुन्या आरशात काच खाचेत लाकडी पाचरींनी घट्ट बसवलेली असते. तिथे थर्माकोल, पुठ्ठा, सिलिकॉन दिसलं तर काच कधीतरी बदलली आहे. मागे प्लायवूड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) असेल तर फळी नवी. स्टार स्क्रू १९३० च्या दशकानंतरचे, त्यामुळे ते दिसले तर निदान तेवढा भाग नंतर हाताळला गेला आहे. जुना खिळा लाकडात गंजतो आणि भोवती काळपट कडं सोडतो. कडं नसेल तर खिळा अलीकडचा. मागे वर्तमानपत्र चिकटवलेलं असेल तर त्यावरची तारीख आनंदानं दाखवतात. 'बघा, पन्नास साली छापलेलं!' ती तारीख आरशाचं वय सांगत नाही. मागची फळी कुणीतरी त्या सुमारास किंवा त्यानंतर बंद केली, एवढंच सांगते.

बोटाची चाचणी तर आता प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरतेय. नख काचेला टेकवा, नख आणि प्रतिबिंबात अंतर दिसलं तर आरसा जुना, म्हणे. साफ चूक. थर काचेच्या मागे असला की अंतर दिसतंच, मग आरसा काल घेतलेला असो नाहीतर दीडशे वर्षांचा. त्या अंतरावरून काचेची जाडी कळते, बस्स. जाडी कळणंही उपयोगाचं आहे, पण वय त्यात कुठे शोधता?

काचेतल्या लाटांवरही एकट्यावर भरवसा ठेवू नका. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करायची पद्धत पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ साली जाहीर केली. त्याआधीच्या साध्या काचेत दुरून बघितलं की खिडकीचा गज वाकडा दिसतो. पण चांगल्या जुन्या आरशांची काच घासून पॉलिश केलेली असायची आणि ती जवळपास सपाटच दिसते. लाट नाही म्हणून आरसा नाकारू नका. काठाचा बेव्हल, म्हणजे काच घासून केलेला उतार, बघा. हातानं घासलेल्या जुन्या बेव्हलचा उतार इतका मंद असतो की डोळे मिटून बोट फिरवलं तर तो कुठे सुरू झाला हे पटकन कळत नाही. मशीनचा बेव्हल बोटाला धारेसारखा लागतो.

आणि एक कळकळीची विनंती. कथील-पाऱ्याच्या आरशाची पाठ खरवडू नका, उन्हात तापवू नका, आडवा टाकून ठेवू नका. खालच्या खाचेत चंदेरी थेंब दिसले तर तो पारा आहे. हात लावू नका, झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, मुलांना लांब ठेवा, खिडक्या उघडा. असा थेंब टाकणारा आरसा घरात लहान मूल असेल तर घेऊच नका, कितीही मोह झाला तरी.

डाग किती चालतात? भिंतीची शोभा म्हणून लावायचा असेल तर चौथा हिस्सा गेलेला आरसाही मी आनंदानं घेते. रोज तोंड बघायचं असेल तर चेहरा येईल तेवढा मधला भाग स्वच्छ हवा. पण 'नवा पारा चढवून घ्या' हा सल्ला ऐकू नका. त्यासाठी जुना थर पूर्ण काढावा लागतो, काचेला चरे पडतात, आणि त्यात आरशाचं जे काही जुनं होतं ते संपतं. माझ्या नणंदेनं हट्टानं चढवून घेतला. सासरच्या वाड्यातला तिचा आरसा आता कालच्या दुकानातून आणल्यासारखा दिसतो. स्पष्ट तोंड हवं असेल तर नवा आरसा न्हाणीघराबाहेर लावा, जुन्याला जुना राहू द्या.

चौकटीबद्दल थोडक्यात. भुंगा लागलेला असेल तर भोकातून ताजी भुकटी पडते. भुकटी नसेल तर किडा बहुधा गेलेला. सोनेरी मुलामा दिलेली, प्लास्टरच्या नक्षीची चौकट असेल तर तिला पाण्याचं फडकं कधीही लावू नका, मुलामा फडक्यावर येतो. लाकडाला लाखेचं पॉलिश पुरे, चकाकणारं वॉर्निश नको. फणी-करंड्याची जुनी पेटी मिळाली तर तिच्या झाकणातला छोटा आरसाही वरच्याच नियमांनी तपासा. त्यातली काच फार वेळा बदललेली असते.

भाव कमी करायचा असेल तर मागची फळी उघडल्यानंतर बोला, आधी नाही.

आणताना आरसा उभा, गोधडीत गुंडाळून. परदेशात मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर आधी कायदा बघा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानुसार अशा नेता येत नाहीत.

टांगताना वजनाचा हिशेब करा. एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. म्हणजे तीन फूट बाय दोन फुटांची ५ मिलिमीटरची काच एकटीच सुमारे सात किलो भरते, वर सागवानी चौकट. एका खिळ्यावर, एका दोरीवर भार टाकू नका. दोन बाजूंना दोन वेगळे हुक आणि खालून लाकडी पट्टीचा आधार. जांभ्याच्या भिंतीत हुक दगडात घ्या, दोन दगडांमधल्या सांध्यात नको, तिथलं माती-चुन्याचं काम भुगा होऊन येतं. मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे जाड तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फळी यांच्यात बोटभर हवा खेळेल. हे बूच मी पहिल्या आरशाला लावले नव्हते. दुसऱ्या पावसाळ्यात खालून दोन इंच थर काळा पडला.

पुसताना काच पुसायचा फवारा आरशावर मारू नका, द्रव ओघळून खालच्या काठातून मागे जातो. कोरडं मऊ सुती कापड पुरतं. फार चिकट असेल तर कापड जेमतेम ओलं करून, काठापासून दोन बोटं लांब राहून पुसा.

पहिला पावसाळा संपला की दसऱ्याच्या साफसफाईत आरसा एकदा भिंतीवरून उतरवा आणि भिंत बघा. आरशामागची भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा गडद दिसली, हात लावल्यावर गार लागली किंवा चुन्याला पापुद्रे आले असतील, तर आरसा परत तिथे लावू नका. त्याच दिवशी दुसऱ्या भिंतीवर हलवा.