लष्करी विमान अपघाताची चौकशी समजून घेताना या चुका टाळा

डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल आला आणि जुनी बातमी पुन्हा वर आली: जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर ‘मानवी चुकीमुळे’ पडलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच निकालही लागला, वैमानिकाने घोळ घातला म्हणून.

‘मानवी चूक’ म्हणजे निष्काळजीपणा नव्हे

८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ एमआय-१७ व्ही-५ कोसळून १४ जण गेले. जानेवारी २०२२ मध्ये हवाई दलाने चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले. यांत्रिक बिघाड नाही, घातपात नाही, निष्काळजीपणाही नाही, असं त्यात स्पष्ट होतं. दरीतलं हवामान अचानक पालटलं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाचं दिशाभान सुटलं आणि धडधाकट यंत्र जमिनीला धडकलं. समितीच्या तक्त्यातली ‘मानवी चूक’ ही अपघातांची वर्गवारी आहे. ढगात बाहेरचं काही दिसेनासं झालं की तोल सांगणारा कान फसवतो. कसलेला वैमानिकही त्यातून सुटत नाही. त्या रकान्यावरून कुणाला दोषी धरणं म्हणजे कागद चुकीचा वाचणं.

पुरावा नाही, म्हणून मेलेल्यावर ठपका

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रिटनचं. २ जून १९९४ ला रॉयल एअर फोर्सचं (ब्रिटिश हवाई दलाचं) चिनूक हेलिकॉप्टर झेडडी५७६ उत्तर आयर्लंडहून स्कॉटलंडमधल्या फोर्ट जॉर्जकडे निघालं आणि मल ऑफ किंटायरच्या धुक्याने वेढलेल्या डोंगरावर आदळलं. २९ जण ठार. प्रवाशांत उत्तर आयर्लंडमधले गुप्तवार्ता अधिकारी. हेलिकॉप्टरवर ना कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र होतं, ना उड्डाणाच्या नोंदी ठेवणारं.

हाती लागली ती दिशादर्शक संगणकाची स्मृती. धडकेच्या काही क्षण आधी मार्गावरचा पुढचा टप्पा, म्हणजे जायचं पुढचं ठिकाण, निवडला गेला होता, एवढं त्यातून कळलं. वरिष्ठांनी त्याचा अर्थ लावला की यंत्र ताब्यात होतं, तरी वैमानिक तसेच डोंगराकडे गेले. उलट बाजूचं म्हणणं असं की टप्पा बदलला म्हणजे वळायचंच होतं, मग वळले का नाहीत? वळता आलं नसेल तर? एका बटणाचे दोन अर्थ, आणि दोन्ही पटण्याजोगे.

हवाई दलाचं चौकशी मंडळ वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाच्या ठपक्यापर्यंत गेलं नव्हतं. तो १९९५ मध्ये दोन एअर मार्शलनी ठेवला. नियम तर असा होता की मृत वैमानिकाला निष्काळजी ठरवायचं, तर तिळमात्रही शंका उरता कामा नये. १९९६ च्या स्कॉटिश न्यायालयीन चौकशीला कारण ठरवता आलं नाही, २००२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने ठपका असमर्थनीय म्हटला, तरी तो जागचा हलला नाही. २०११ मध्ये निवृत्त न्यायाधीश लॉर्ड फिलिप यांच्या फेरतपासणीनंतर सरकारने तो रद्द केला आणि कुटुंबांची माफी मागितली. मला विचाराल तर इथे पुराव्याची कमतरता नडली नाही. ‘माहीत नाही’ असं लिहायची तयारी नव्हती, ते नडलं.

ठपका गेला, म्हणजे यंत्र दोषी?

हेही घाईचंच. या चिनूकच्या इंजिन-नियंत्रण सॉफ्टवेअरबद्दल आधीपासून गंभीर शंका होत्या, हे खरं. पण ठपका रद्द झाल्याने सॉफ्टवेअरने अपघात घडवला, असं सिद्ध झालं नाही. वैमानिकांची बाजू घेणारेही इथे पुष्कळदा घसरतात.

शेवटच्या दुव्यावर थांबणं

२ सप्टेंबर २००६ ला अफगाणिस्तानात कंदाहारजवळ ब्रिटिश हवाई दलाचं टेहळणी विमान निमरॉड एक्सव्ही२३० हवेत इंधन भरून घेतल्यावर पेटलं आणि १४ जण गेले. सांडलेलं इंधन गरम हवेच्या नळीशी पोचलं, हे तांत्रिक कारण. या अपघाताचा स्वतंत्र आढावा घेणारे वकील चार्ल्स हॅडन-केव्ह यांनी २००९ च्या अहवालात तिथे न थांबता पुढचं विचारलं: धोक्यांचा आढावा घेणाऱ्या कागदपत्रांत हे का पकडलं गेलं नाही? उत्तरात बीएई सिस्टिम्स आणि किनेटिक या कंपन्या आणि संरक्षण मंत्रालय, तिघांवर ताशेरे आले, व्यक्तींची नावंसुद्धा आली. विमान सुरक्षितच आहे असं आधी गृहीत धरून आढावा उरकला गेला, असा त्यांचा रोख होता. २०१० मध्ये ब्रिटनने लष्करी विमानांसाठी वेगळं नियामक प्राधिकरण उभारलं, ते या अहवालानंतर.