ल्वारच्या खोऱ्यात भाड्याची गाडी: राजवाड्यांच्या मुलखात स्वतः गाडी चालवत कसं फिरावं

पॅरिसहून ल्वार नदीच्या खोऱ्यातले राजवाडे दाखवायला दिवसभराच्या बस निघतात. पहाटे निघायचं, दोन-तीन राजवाडे घाईघाईने बघायचे आणि रात्री परत यायचं. राजवाडे बघून होतात, पण त्यांच्यामधला मुलूख बघायचा राहून जातो. नदीतले वाळूचे पट्टे, द्राक्षमळे, पांढऱ्या मऊ दगडाच्या कड्यात खोदलेली घरं, दुपारी चिडीचूप असणारी गावं हे सगळं बसच्या काचेतून झर्रकन मागे पडतं. ते बघायचं असेल तर हाताशी गाडी हवी. मी तर म्हणेन की राजवाडे कमी बघा, पण गाडी घ्याच.

आधी एका शब्दाविषयी. फ्रेंच ‘शातो’साठी आपण सरसकट ‘किल्ला’ म्हणतो आणि मनात तटबंदी, बुरूज, दमछाक करणारी चढण येते. ल्वारकाठचे बहुतेक शातो हे सोळाव्या शतकात राजेरजवाड्यांनी ऐश करायला बांधलेले महाल आहेत. गड चढायची सवय असलेल्यांना खरा किल्ला हवा असेल, तर तो शिनाँ आणि लोश इथे मिळेल. तिथे नक्की जा.

घरातून निघण्याआधी

भारतीय लायसन्स असेल तर सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या. ते तुमच्या आरटीओकडून मिळतं, अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर करता येतो, फी १००० रुपये आणि मुदत एक वर्ष. लायसन्सवरचा मजकूर फ्रेंच पोलिसांना वाचता यावा म्हणून हे परमिट असतं. एकटं ते चालत नाही, मूळ लायसन्स खिशात हवंच. पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा सोबत असणार हे गृहीत धरते.

दुसरी गोष्ट क्रेडिट कार्ड, आणि लोक अडकतात ते इथेच. कार्ड मुख्य चालकाच्या नावावर लागतं. गाडी नवऱ्याच्या नावाने बुक केली आणि कार्ड बायकोचं, असं चालत नाही. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डवर अनामत घ्यायला बहुतेक काउंटर तयार नसतात. बँकेच्या ॲपमधून परदेशातले व्यवहार सुरू करा, मर्यादा वाढवून ठेवा आणि पिन पाठ करा. अनामत रकमेइतकी मर्यादा कार्डावर अडकून पडते, त्यामुळे हॉटेल-जेवणासाठी दुसरं कार्ड जवळ असू द्या.

वयाची अटही बघा. बहुतेक ठिकाणी किमान २१ वर्षं लागतात आणि २५च्या आतल्यांना जादा आकार पडतो. दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर दुसऱ्याचंही नाव करारात घाला. ज्याचं नाव नाही त्याच्या हातून काही झालं, तर विमा हात वर करतो.

गाडी पॅरिसमध्ये घेऊ नका

हे अगदी कळकळीने सांगते. लांबच्या विमानप्रवासानंतर, डोळ्यांवर झोप असताना, उजव्या बाजूने चालवायचा पहिला धडा पॅरिसच्या रिंगरोडवर गिरवू नये. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून तेजेव्हे (टीजीव्ही) ही वेगवान रेल्वेगाडी तासाभरात सँ-पिएर-दे-कोरला सोडते. हे तूर शहराला लागूनच असलेलं स्टेशन. शार्ल द गोल विमानतळावरूनही तिथवर थेट गाड्या आहेत. स्टेशनजवळच भाड्याच्या गाड्यांची ऑफिसं आहेत. एक रात्र झोप काढून सकाळी गाडी ताब्यात घेतली तर अतिउत्तम.

फक्त वेळ नीट बघा. छोट्या शहरातली ऑफिसं दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद होतात आणि रविवारी अनेकदा उघडतच नाहीत. घेण्याची आणि परत करण्याची वेळ त्याच हिशेबाने ठरवा.

कुठली गाडी?

छोटी. गावांमधले रस्ते दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींमधून जातात, तिथे मोठ्या गाडीचा जीव गुदमरतो. मात्र चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा छोट्या हॅचबॅकमध्ये मावत नाहीत, हे घरीच मोजून बघा. बॅगा डिकीत झाकलेल्या राहिल्या पाहिजेत. सीटवर दिसणारं सामान म्हणजे चोराला आमंत्रण.

भारतात आयुष्यभर गिअरची गाडी चालवली असली तरी तिथे ऑटोमॅटिक घ्या असंच माझं मत आहे. बसायचं डावीकडे, गिअर उजव्या हाताला, समोरून येणारी वाहनं भलत्या बाजूने. डोक्याला तेवढं काम पुरे. ऑटोमॅटिक गाड्या मोजक्या आणि महाग असतात, म्हणून दोन-तीन महिने आधी बुक करा. मॅन्युअलच मिळाली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच फ्रेंच गाड्यांमध्ये रिव्हर्स टाकताना गिअरच्या दांड्यावरची कडी बोटांनी वर उचलावी लागते. आपल्याकडे डस्टर चालवलेल्यांना ही कडी ओळखीची असेल.

विम्यात एकच शब्द नीट समजून घ्या: फ्राँशीझ. नुकसान झाल्यास तुमच्या खिशातून जाणारी कमाल रक्कम. ती अनेकदा हजार युरोंच्या वर असते. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा भाड्यातच येतो, तो कायद्यानेच बंधनकारक आहे. पण टायर, काचा, टप आणि गाडीचा तळ हे बरेचदा वगळलेले असतात. जादा विमा घ्यायचा की नाही हे काउंटरवर घाईत ठरवू नका, करार घरीच वाचून या.

चावी हातात आल्यावर दहा मिनिटं

पहिल्या वेळी मी ही दहा मिनिटं वाचवली. परत करताना पुढच्या उजव्या चाकाच्या रिमवरचा ओरखडा माझ्या माथी बसला आणि तो आधीचा होता हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हापासून मी गाडीभोवती सावकाश फिरून व्हिडिओ काढते. चारही रिम, बंपरची खालची कड, समोरची काच, टप, शेवटी इंधनाचा काटा आणि किलोमीटर. कागदावर नसलेला ओरखडा दिसला की तिथल्या तिथे लिहून घेते.

चकाकणारं जॅकेट आणि धोक्याचा त्रिकोण गाडीत असणं सक्तीचं आहे. जॅकेट डिकीत नको, हाताशी हवं, कारण गाडी बंद पडली तर ते घालूनच खाली उतरायचं असतं. दहा वर्षांखालच्या मुलांना मागेच आणि त्यांच्या मापाच्या सीटवर बसवावं लागतं. ती सीट आधीच मागवून ठेवा.

रस्त्यावर

एक खूण मनात पक्की करा: चालक, म्हणजे तुम्ही, नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेजवळ. उजवं वळण छोटं, डावं वळण मोठं. वाहत्या रस्त्यावर चूक होत नाही, पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते ती रिकाम्या पार्किंगमधून किंवा पेट्रोलपंपावरून एकट्याने बाहेर पडताना. तेव्हा शेजारी बसलेल्याने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं, असा नियमच करा.

चौकातले गोल तिथे पावलोपावली आहेत. फिरायचं घड्याळाच्या उलट दिशेने, बघायचं डावीकडे, आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. कुठून बाहेर पडायचं ते कळलं नाही तर बिनधास्त आणखी एक फेरी मारा. पाट्यांवर गावाचं नाव सापडेना तर ‘तूत दिरेक्सियाँ’ (सगळ्या दिशा) किंवा ‘ओत्र दिरेक्सियाँ’ (इतर दिशा) या पाटीमागे जा.

आता ग्रामीण भागातला सगळ्यात अनोळखी नियम: उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य. तुम्ही गावातल्या चांगल्या रुंद रस्त्याने चालला आहात आणि उजवीकडच्या बोळातून एक ट्रॅक्टर न थांबता तुमच्यासमोर येतो. तो आडमुठा नाही, हक्क त्याचाच आहे. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला, दिसला तर प्राधान्य तुमच्या रस्त्याला. त्याच पिवळ्या चौकोनावर काळी तिरपी रेघ आली की ते संपलं. आणि लाल त्रिकोणात काळी फुली म्हणजे पुढच्या चौकात उजवीकडच्याला वाट द्या. पाटीच नसेल तर गावात प्रत्येक उजव्या बोळाशी पाय ब्रेकवर ठेवा.

वेगमर्यादा अशी: मोटरवेवर १३०, पावसात ११०. दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यांवर ११०. साध्या दोन पदरी रस्त्यांवर साधारण ८०, काही जिल्ह्यांत ९०, तेव्हा पाटी बघा. गावात ५०. गाव सुरू झाल्याची वेगळी सूचना नसते. लाल कडेची गावाच्या नावाची पाटी आली की तिथून ५०, तेच नाव खोडलेलं दिसलं की गाव संपलं. स्वयंचलित कॅमेरे भरपूर आहेत. कानात इअरफोन घालून चालवायलाही बंदी आहे. दारूची मर्यादा लिटर रक्तामागे अर्धा ग्रॅम आहे, पण तूरजवळच्या वूव्ह्रे गावातल्या तळघरांत वाईन चाखायची असेल तर चालवणाऱ्याने त्या दिवशी चाखूच नये.

पेट्रोल आणि टोल

पंपावर माणूस नसतो, आपलं आपण भरायचं. तिथे ‘गाझोल’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून गॅसोलीन, म्हणजे पेट्रोल वाटतं, पण ते डिझेल आहे. पेट्रोल म्हणजे एसपी९५, एसपी९५-ई१० किंवा एसपी९८. इंधनाच्या झाकणावरचं चिन्ह बघा. गोलात ‘ई’ म्हणजे पेट्रोल, चौकोनात ‘बी’ म्हणजे डिझेल. ई८५ नावाचं स्वस्त इंधन दिसेल, त्याच्या वाट्याला जाऊ नका. सुपरमार्केटच्या पंपांवर भाव कमी असतो. रात्री आणि रविवारी तिथे फक्त कार्डाचं यंत्र चालतं, ते भरण्याआधी शंभराच्या वर युरो अडवून ठेवतं आणि परदेशी कार्ड कधी कधी नाकारतं. म्हणून काटा अर्ध्यावर आला की दिवसाउजेडी भरून टाका.

टोल मोटरवेवरच लागतो आणि राजवाडे बघताना मोटरवेची गरज क्वचितच पडते. लागलाच तर नुसतं नारिंगी ‘टी’ असलेली रांग टाळा, ती टॅगवाल्यांसाठी आहे. यंत्र अडलं तर मागे घेऊ नका, मदतीचं बटण दाबा. वीसेक युरोंची नाणी-नोटा जवळ ठेवा.

तीन दिवस, दिवसाला दोन राजवाडे

मुक्काम आंब्वाजला करा. पहिल्या दिवशी तिथलाच राजवाडा आणि लिओनार्दो दा विंचीचं क्लो ल्युसे हे घर. तो १५१६मध्ये इथे आला आणि १५१९मध्ये इथेच गेला. त्याचं थडगं राजवाड्याच्या आवारातल्या छोट्या प्रार्थनाघरात आहे. दुपारनंतर पंधराएक किलोमीटरवरचं शेनोन्सो. शेर नदीवर पुलासारखा पसरलेला हा महाल. त्याचं साठ मीटरचं दालन पहिल्या महायुद्धात इस्पितळ होतं. दुसऱ्या महायुद्धात नदी हीच जर्मनांच्या ताब्यातल्या आणि मोकळ्या भागाची सीमा होती. एक दार या मुलखात, दुसरं त्या. दालनाच्या पलीकडच्या दारात उभं राहून मागे बघा, मग हा महाल खरा कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताक्षणी शांबोर. १५१९मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाने बांधायला घेतलेला, ४४० खोल्यांचा. एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने असे की एकाने चढावं, दुसऱ्याने उतरावं, मधल्या झरोक्यांतून एकमेकांना बघावं आणि तरी गाठ पडू नये. भोवतीच्या जंगलाला ३२ किलोमीटरची भिंत आहे. तिन्हीसांजेला तिथून निघालात तर वेग अगदी कमी ठेवा, हरणं आणि रानडुकरं रस्त्यावर येतात. दुपारी शेव्हर्नी किंवा ब्लुआ.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेला. व्हिलांद्रीची भाजीची बाग नऊ चौकोनांत रंगसंगतीने लावलेली आहे. कोबी आणि बीट इतके देखणे असतात हे तिथे पटतं. मग शिनाँ, जिथे १४२९मध्ये जोन ऑफ आर्क पुढे सातवा चार्ल्स झालेल्या राजपुत्राला भेटली. वाटेत आझे-ल-रिदोचं पाण्यातलं प्रतिबिंब बघायला थांबायचा मोह होईल. थांबा, पण मग व्हिलांद्रीला लवकर पोचा.

नॅव्हिगेशनमध्ये ‘मोटरवे टाळा’ निवडा आणि नदीच्या दक्षिण काठाने जाणारा डी७५१ धरा. दुपारचं जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं, नंतर स्वयंपाकघरं सातपर्यंत बंद. सकाळीच बुलाँजरीतून (बेकरीतून) पाव घ्या आणि सोबत सँत-मोर हे बकरीच्या दुधाचं चीज. त्याच्या मधोमध राय या धान्याच्या पिकाची काडी असते. शाकाहारी असाल तर या भागातलं ‘रियेत’ टाळा, ते डुकराचं मांस आहे.

काही झालं तर, आणि परत करताना

अपघातात ‘काँस्ता’ नावाचा फॉर्म दोन्ही चालकांनी मिळून भरायचा असतो. तो गाडीच्या कप्प्यात आहे ना, ते पहिल्याच दिवशी बघा. त्यात लिहिलेलं समजलं नाही किंवा पटलं नाही तर सही करू नका. फोटो काढा, भाड्याच्या ऑफिसला फोन करा, कुणाला लागलं असेल तर ११२.

परत करताना जवळच्या पंपावर टाकी भरा आणि पावती ठेवा. ऑफिस बंद असेल आणि चावी पेटीत टाकायची असेल तर पुन्हा एकदा तोच व्हिडिओ, तशीच गाडीभोवती सावकाश फेरी. कॅमेऱ्याने टिपलेला दंड घरच्या पत्त्यावर काही आठवड्यांनीही येतो, आणि तुमचं नाव कळवल्याचा आकार भाड्याची कंपनी वेगळा कापते. म्हणून अनामत मोकळी झाली तरी करार, पावत्या आणि ते व्हिडिओ पुढचे सहा महिने पुसू नका.