मुलाखत चांगली झाली, तरी नोकरी हुकली? या चुका टाळा

तीन राउंड नीट झाले, एचआरने अपेक्षित पगारही विचारला आणि नंतर फोनच आला नाही, अशी तक्रार पुण्यात रोज कुणी ना कुणी करतं. मग मंडळी टेक्निकल राउंडमधला चुकलेला एखादा प्रश्न उगाळत बसतात. पुष्कळदा घोळ तिथे नसतोच. रेझ्युमे एक सांगतो, कंपनीचा अर्ज दुसरं, पीएफची नोंद तिसरं आणि उमेदवार स्वतः चौथंच.

यात सगळ्यात महागात पडतात त्या तारखा. नेहमी घडणारा प्रकार असा. उमेदवाराने पहिली कंपनी चार महिन्यांत सोडलेली असते. ते बरं दिसत नाही म्हणून तो ती रेझ्युमेतून गाळतो आणि पुढच्या कंपनीची तारीख चार महिने मागे ओढतो. हिंजवडीतल्या कंपनीचे सगळे राउंड पार पडतात, ऑफर लेटर येतं, हा राजीनामा टाकतो. ९० दिवसांच्या नोटीसपैकी ६० दिवस सरल्यावर व्हेरिफिकेशनवाले (उमेदवाराची माहिती तपासणारे) यूएएनची, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरची, सर्व्हिस हिस्टरी मागतात. तिथे त्या गाळलेल्या कंपनीचं नाव दोन्ही तारखांसकट हजर. ऑफर रद्द होते आणि जुन्या कंपनीने तोवर याच्या जागी माणूस घेतलेला असतो. खरं सांगितलं असतं तर फार तर "एवढ्या लवकर का सोडली?" एवढाच प्रश्न आला असता, आणि "प्रोजेक्ट बंद पडला" हे उत्तर पुरलं असतं.

म्हणून रेझ्युमेला हात लावायच्या आधी ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मेंबर पोर्टलवर जा, 'व्ह्यू'मधली सर्व्हिस हिस्टरी उघडा आणि प्रत्येक कंपनीच्या रुजू होण्याच्या व सोडण्याच्या तारखा कागदावर उतरवा. रिलीव्हिंग लेटरशी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने दिलेल्या पत्राशी, ताडून पाहा. जुन्या कंपनीने एक्झिटची तारीख टाकलीच नसेल तर नोंदीत तुम्ही अजून तिथेच नोकरी करताय, आणि एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्याचा संशय तुमच्यावर येतो. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटले की 'मॅनेज'मधल्या 'मार्क एक्झिट'मधून ही तारीख स्वतः टाकता येते. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तारीख चुकीची पडली असेल तर जॉइंट डिक्लरेशन (नोंद दुरुस्त करायचा अर्ज) करावं लागतं आणि त्यात वेळ जातो. हे सगळं नोकरी शोधायला लागण्याआधी उरकायचं असतं. ऑफर हातात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची दया येत नाही.

दोन वर्षांचा अनुभव 'लावून देतो' म्हणणाऱ्या क्लासवाल्यांबद्दल एकच सांगायचं. अनुभवपत्र छापता येतं, पण त्या दोन वर्षांचा बँकेत जमा झालेला पगार छापता येत नाही. आणि बँक स्टेटमेंट मागतात.

दुसरा घोळ पगाराचा. "महिना ५० हजार हवेत" असं बोलायचं आणि अर्जात सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ६ लाख लिहायचं. १२ गुणिले ५० हजार, झालं गणित! जरा मांडून पाहा. ६ लाखांत ६० हजार व्हेरिएबल, म्हणजे दरमहा हमखास न मिळणारा भाग, धरा. बेसिक ३ लाख असेल आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील, तर कंपनीचा १२ टक्के वाटा ३६ हजार. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. उरले ४,८९,५७०, महिन्याला साधारण ४०,८००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) वजा करा. हातात साधारण ३७,६००. मग पहिल्या पगाराला "फसवलं" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. आकडा सांगण्याआधी फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती आणि ते कधी मिळतं, हे विचारा. विचारल्याने कुणी नापास करत नाही. सध्याचा पगार मात्र फुगवून सांगू नका. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या जातात.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा असताना "३० दिवसांत येतो" म्हणणं हाही त्यातलाच प्रकार. बायआउट (नोटीसचे उरलेले दिवस पैसे भरून माफ करून घेणं) चालतो का, हे आधी आपल्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये वाचा.

ऑनलाइन राउंडमध्ये बाजूच्या स्क्रीनवर एआयची उत्तरं वाचणाऱ्यांना वाटतं, समोरच्याला कळत नाही. प्रश्नानंतर दर वेळी तेवढाच थांबा, डोळे डावीकडून उजवीकडे, आणि मग पुस्तकी परिच्छेद! पॅनल फक्त "हेच तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुठे वापरलं?" एवढं विचारतं आणि गाडी तिथेच बंद पडते. तयारी करायचीच तर रेझ्युमेतल्या प्रत्येक टूलपुढे मी स्वतः त्यात काय केलं ते दोन ओळींत लिहा. ज्यापुढे काही सुचत नाही ते खोडून टाका. टेलिग्रामवरच्या 'टॉप १०० प्रश्न' पीडीएफपेक्षा हा एक तास जास्त उपयोगाचा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर पत्त्यात हिंजवडीची फेज आणि इमारत नीट बघा. फेज १ आणि फेज ३ यांत सकाळच्या ट्रॅफिकमध्ये बराच वेळ जातो. "वाकडच्या पुलावर अडकलोय" हे एचआरने इतक्यांदा ऐकलंय की त्यावर कुणी उत्तरही देत नाही. ११ ची वेळ असेल तर १०:३० ला गेटवर पोहोचा, कारण व्हिजिटर पासची रांग, ओळखपत्र आणि लॅपटॉपची नोंद यातच १५ मिनिटं जातात. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, पेन ड्राइव्ह घरी ठेवा.

चाकण-रांजणगावच्या कंपनीत लावतो म्हणून रजिस्ट्रेशन, गणवेश किंवा डिपॉझिटचे पैसे मागितले, की तिथून उठायचं.

आणि "ऑफर रिलीज करतोय" असं फोनवर सांगितलं म्हणजे ऑफर आली, असं धरून राजीनामा टाकू नका. कंपनीच्या डोमेनवरून मेल यावी, तिच्यात जॉइनिंगची तारीख आणि सीटीसीची फोड असावी, आणि तुम्ही स्वीकारल्याचं उत्तर गेलेलं असावं. ऑफर व्हेरिफिकेशनवर अवलंबून आहे, ही ओळ बहुतेक पत्रांत असते. ती असेल तर व्हेरिफिकेशन राजीनाम्याआधी करून घ्याल का, असं एचआरला विचारा. काही कंपन्या करतात.